भैरोबाचा उजवा खांदा

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचते. राग मानू नका. पिंपळाखालची बाई, चढावर आपोआप बंद पडणारी गाडी... मी दौंडमध्ये दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे कुणी काही सांगितलं की "बरं, आता सिद्ध कर" हे तोंडावर येतंच. घरच्या पूजेला बसते ती सासूबाईंनी तोंड फुगवू नये म्हणून. देव आहे की नाही, या भानगडीत मी कधी पडलेच नाही. तेव्हा आज मी जे लिहितेय ते वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. फक्त हसून झालं की मला उत्तर सांगा, कारण मला ते अजून सापडलेलं नाही.

माझं माहेर निमोणे, तालुका शिरूर. दौंडहून भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून गेलं की फार लांब नाही. गावात घर नाही आमचं, मळ्यात वस्ती आहे. तिथं आबा म्हणजे माझे वडील, आई, आणि धाकटा भाऊ सचिन. वस्तीच्या पलीकडं ओढ्याच्या काठाला भैरोबाचं देऊळ आहे. देऊळ कसलं, दगडी गाभारा आणि पुढं पत्र्याचा मंडप. आत शेंदूर लावलेली बसकी मूर्ती. आमच्याकडच्या पाच-सहा वस्त्यांचा कारभार या भैरोबाला विचारून चालतो. बोअर कुठं घ्यायचा, पोरीला हे स्थळ द्यायचं का, कांदा आत्ता काढायचा की थांबायचं... मी म्हणायचे, "देवाला एक मोबाईल घेऊन द्या, तुमचा हेलपाटा तरी वाचेल." आई म्हणायची, "शिकली तेवढी हुकली."

विचारायची पद्धत अशी. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, एक उजव्या, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. याला कौल लावणं म्हणतात. आमच्या लहानपणी कौलाला आत गाभाऱ्यापाशी पुरुष माणसं जायची. आम्ही पोरी मंडपात बसून खोबरं कधी वाटतात याची वाट बघायचो. "उजवा दिला, उजवा दिला" एवढं कानावर यायचं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आबांचं वय पंचाहत्तरीच्या पुढं. मुतखड्याचा त्रास होतो म्हणून सचिननं शिरूरला सोनोग्राफी करून घेतली. खडा निघाला बारका, पण डॉक्टर पडद्यावर दुसरंच काहीतरी पुन्हा पुन्हा तपासायला लागले. पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं, "फुगा फार मोठा नाही, फार लहानही नाही. तसाच ठेवला तर कदाचित काही वर्षं काही होणार नाही, कदाचित उद्या फुटेल. फुटला तर हॉस्पिटलपर्यंत पोचणार नाहीत. ऑपरेशन करायचं तर पोट उघडावं लागेल, आणि आयुष्यभर बिड्या ओढून यांची फुप्फुसं जी झालीत ती बघता टेबलावरच काही झालं तर... तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा. माणूस इतका शिकतो, एवढी मशिनं आणतो आणि शेवटी म्हणतो काय, तुम्ही ठरवा. मला त्या डॉक्टरांचा एवढा राग आला होता ना. खरं तर ते प्रामाणिकपणे बोलत होते, पण राग यायचा तो आलाच.

माझं मत होतं ऑपरेशन करावं. सचिनचं मत रोज बदलायचं. सकाळी म्हणायचा करू, संध्याकाळी म्हणायचा म्हातारा माणूस, कशाला फाडाफाड. आबांना डॉक्टरांनी दाखल करून घेतलं होतं, सचिन त्यांच्याजवळ होता. आणि आईनं फर्मान काढलं, "भैरोबाला इचारल्याबिगर कुनी सही करायची न्हाई." मी पुष्कळ डोकं फोडलं. "आई, देव काय सर्जन आहे का?" ती म्हणाली, "सर्जननंच तर सांगितलं न्हवं, माझ्या हातात न्हाई म्हनून? मग ज्याच्या हातात हाय त्याला इचारू." याला गणितात उत्तर नाही.

तर कौलाच्या दिवशी सकाळी मी, आई आणि नवनाथ पुजारी, असे तिघंच देवळात. नवनाथ तरुण आहे. भाऊबंदात पूजेची पाळी लागते तेव्हा पूजा करतो, एरवी रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो. आईचे गुडघे गेलेत आणि डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून ती मंडपात खांबाला टेकून बसली. मला नवनाथनं गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसवलं. त्यानं पाकळ्या चिकटवल्या, "पांडूआबाचं आपरेशन करायचं म्हनत्यात, करू का नको ते सांग, लेकरांना वाट दाव" असं गाऱ्हाणं घातलं. आणि नेमका त्याचा फोन वाजला. कंपनीची बस आज लवकर येणार होती. "ताई, तुमी ध्यान ठेवा, मी गाडी भायर काढतो," म्हणून तो गेलासुद्धा.

मी एकटी देवासमोर. वर पंखा चालू होता, तो मी उठून बंद केला. म्हटलं प्रयोग करायचाच तर नीट करू. मग बसले बघत. मूर्तीचे डोळे चांदीचे आहेत, मोठे. मनातल्या मनात मी म्हणत होते, उजवी पडू दे, उजवी पडू दे. हसू नका. वडील हॉस्पिटलात असले की माणूस काहीही म्हणतो.

आणि पाकळी पडली. माझ्या उजव्या हाताची.

मी बाहेर येऊन आईला सांगितलं, "उजवा दिला." तिनं हात जोडले आणि ढसाढसा रडली. नवनाथनं गाडीवरूनच विचारलं, "दिला का?" "दिला, उजवा." "मंग झालं तर," म्हणून तो बस गाठायला निघून गेला. मी सचिनला फोन केला, त्यानं सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं थिएटरबाहेरच्या खुर्च्यांवर. आबांना आत नेऊन बराच वेळ झाला होता. कुणालाच काही सुचत नव्हतं. सचिन आपला काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "ताई, कौल लगेच पडला का गं?"

म्हटलं, "फार वेळ नाही लागला. अशी सुटली आणि इकडं पडली," आणि मी उजवा हात बाजूला नेऊन दाखवला.

तो माझ्या हाताकडं बघतच राहिला. "इकडं म्हंजी? तू देवाकडं तोंड करून बसली व्हतीस ना?"

"मग काय पाठ करून बसू?"

"अगं ताई," तो पुढं सरकून म्हणाला, "तुझा उजवा म्हंजी देवाचा डावा. कौल देवाच्या हातानं धरायचा असतो, आपल्या न्हाई."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. आरशासमोर उभं राहिल्यावर होतं तसं, मी रोज मुलांना शिकवते ते, समोरासमोरच्या दोन माणसांच्या डाव्या-उजव्याचं. देव नाही म्हणाला होता. मी ते हो म्हणून सांगितलं, आणि आत आबांचं पोट उघडलेलं होतं.

माझा विश्वास नाही, हे मी वर लिहिलंय ना? तर विश्वास नसलेली ही बाई उठून थिएटरच्या दाराकडं पळाली. सिस्टर बाहेर आली तिला मी विचारलं, "आत्ता थांबवता येईल का?" ती म्हणाली, "मॅडम, काय थांबवायचं? सुरू होऊन किती वेळ झाला." मी तिला काय सांगणार, की भैरोबाचा खांदा मी चुकीच्या बाजूनं मोजला? भिंतीला धरून उभी राहिले. 

आई सगळं ऐकत होती. मला वाटलं आता ती बोलेल, तळतळाट देईल. ती एवढंच म्हणाली, "बस खाली. आता आपलं काय न्हाई त्याच्यात. त्यो बघंल." त्याच्यावर तिचा एवढा भरवसा कुठून येतो, मला खरंच माहीत नाही. त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला.

डॉक्टर बाहेर आले ते मास्क खाली ओढत. "बरं झालं थांबला नाहीत. स्कॅनमध्ये दिसत होतं त्यापेक्षा आत फार वाईट होतं. मागच्या बाजूला भिंत अगदी कागदासारखी झाली होती, रक्त झिरपायला लागलं होतं. हे फार दिवस टिकलं नसतं."

आता मला सांगा. देव नाही म्हणाला होता. देवाचं ऐकलं असतं तर आबा गेले असते. मी चुकले म्हणून ते वाचले. सचिन तिथंच खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मंग त्यो न्हाई का म्हनला असंल?" माझ्या मनात आलं, झालं, सिद्ध झालं. पाकळी म्हणजे पाकळी, ओली असते, सुकते, पडते. एक भानगड संपली. मला तर जरा जिंकल्यासारखंही वाटलं.

पण ते एक दिवसही टिकलं नाही. आबा शुद्धीवर येईनात. श्वास मशिनवर. मशिन काढून बघितलं की दम लागायचा, पुन्हा लावायचे. डॉक्टर म्हणाले, "पोटाचं काम छान झालंय, पण फुप्फुसं साथ देत नाहीत. वाट बघण्याशिवाय इलाज नाही." दिवस जायला लागले. काचेतून बघायचं, पुन्हा खुर्चीवर येऊन बसायचं. आणि मग तो नकार माझ्या डोक्यात घोळायला लागला. देव याच्यासाठी तर नको म्हणाला नसेल? फुगा फुटून घटकेत सुटले असते, ते मी त्यांना नळ्यांत अडकवून ठेवलं... मी आईशी नजरानजर टाळायला लागले.

शेवटी आईच म्हणाली, "तू चुकलीस, तर तूच जाऊन माफी माग. नारळ फोड. आन् उजवं-डावं शिकून ये."

मी गेले. का गेले, विचारू नका. नगर रोडनं शिरूर, तिथून निमोणे. भर दुपारी देवळात पोचले. नवनाथ मंडप झाडत होता. मला बघून त्यानं झाडू टाकला आणि म्हणाला, "ताई, बरं झालं आला. मी सचिनला फोन करनारच व्हतो. आत या, कायतरी दावायचंय."

गाभाऱ्यात मूर्तीच्या उजव्या खांद्यावर (देवाच्या उजव्या, आता मला कळत होतं) शेवंतीची पिवळी पाकळी तशीच होती. कौल झाला की राहिलेली पाकळी पुजाऱ्यानं काढून पाण्यात सोडायची असते. त्या दिवशी बसच्या गडबडीत त्याच्याकडून राहून गेली. दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना ती निघाली नाही, म्हणून त्याला जरा चमत्कारिक वाटलं आणि त्यानं हात लावला नाही.

"रोज तांब्यानं पानी घालतोय," तो म्हणाला. "सगळी फुलं निघत्यात, ही हालत न्हाई. आन् सुकंनाबी. मला भ्याव वाटाया लागलं."

मी वाकून अगदी जवळून बघितली. शेंदरात रुतलीय का, तेलात चिकटलीय का. एक कड तर सुटलेली होती, माझ्या श्वासानं थरथरत होती. आणि पाकळी ताजी होती, सकाळी खुडल्यासारखी. नवनाथ थट्टा करतोय का, रोज नवी लावतोय का, हेही मनात आलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? मी कंपनीत शॉकअबसॉर्बर जोडतो. वडील असते तर सांगितलं असतं, न्हायतर त्यांनाबी कळलं नसतं."

नारळ फोडला. माफी मागायची होती, पण माफीचे शब्दच येईनात. कशाची मागू? चुकले त्याची, की चुकून बरोबर केलं त्याची? इतके दिवस मी ठरवत होते, भांडत होते, डॉक्टरशी, सचिनशी, आईशी. मी फार थकले होते. मूर्तीसमोर बसून मी म्हटलं, आणि हे मी मोठ्यानं म्हटलं, "मला काही कळत नाही. उजवं नाही कळत, डावं नाही कळत. आबा तुझ्यावर सोडले. तुझं तू बघ." आणि मला जे रडू आलं... आयुष्यात देवापुढं मी पहिल्यांदा रडले.

डोळे पुसून वर बघितलं तर पाकळी नव्हती. खाली पायाशी पडलेली होती. नवनाथ दारात हात जोडून उभा होता. तो म्हणाला, "पडली. उजवी. मी बघितली पडताना."

मी पुण्याला परत पोचले तोवर आबांची नळी काढलेली होती, आणि ते आपला आपण श्वास घेत होते. पाकळी पडली त्याच वेळेला का? ते मला माहीत नाही. मी देवळात घड्याळ बघितलं नव्हतं, आणि इकडं सचिन आनंदात होता, त्याला वेळ विचारली तर म्हणतो "मगाशी". तुम्ही म्हणाल योगायोग. मीही म्हणते, दिवसातून दोनदा तरी म्हणते. पण मग ती पाकळी इतके दिवस कशी राहिली? आणि तो कौल एकच होता की दोन? आधी नाही म्हणून नंतर हो म्हणाला, की पहिला कौल लागलाच नव्हता? नवनाथनं भाऊबंदांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं. दोन्ही पाकळ्या पडल्याचं कुणालाच आठवत नाही.

आबा घरी आले, हिंडू-फिरू लागले. आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी माहेरी गेले असताना आईच्या पोटात राहिलं नाही, तिनं सगळं ओकून टाकलं. कौल, माझा घोटाळा, पाकळी. आबा पडवीत बाजेवर पडून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी देवाला इचारलं, डागदरला इचारलं, नवनाथला इचारलं. मला कुनी इचारलं का?"

 खरंच कुणी विचारलं नव्हतं.

"आबा, विचारलं असतं तर काय म्हणाला असता?" मी म्हटलं.

"न्हाई म्हनलो असतो. मला चिरफाड नकोच व्हती. मी रोज रातच्याला भैरोबाला म्हनायचो, ह्यांना तू नको म्हनून सांग, माझं कुनी ऐकनार न्हाई." मग माझ्याकडं बघून मिशीत हसले. "त्यानं माझं ऐकलं बघ, नको म्हनला. आन् मला जगवायचंबी व्हतं, म्हनून तुला बसवली म्होरं. बरं झालं पोरी, तुला उजवं-डावं कळत न्हाई ते."

त्यांच्यापुरता हिशेब मिटला. आईचाही. सचिननं तर देवळाला नवा पत्रा टाकायला घेतलाय. माझंच काय ते अडकलंय. आबांचं म्हणणं मला पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. देव असा आडवळणानं कशाला वागेल? आणि देव नसेल तर आबांच्या मनातला नकार त्या पाकळीला कसा कळला?

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मागच्या आठवड्यात तपासणीत आबांच्या पायाकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीत आणखी एक फुगा दिसला. लहान आहे. डॉक्टर म्हणाले, थांबलं तरी चालेल, करायचं तर आत्ता प्रकृती बरी आहे, पण पुन्हा भूल म्हणजे पुन्हा तोच धोका. तुम्ही ठरवा. या वेळी आम्ही आधी आबांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय इचारता, भैरोबाला इचारा. आन् ताईलाच बसवा म्होरं, गेल्या खेपेला तिच्याच हातानं झालं."

आई शेवंती बघून ठेवतेय. रविवारी जायचं आहे. मला रात्री झोप नाही, कारण गेल्या वेळी मला कळत नव्हतं म्हणून आबा वाचले. आता देवाचा उजवा खांदा कुठला, ते मला पक्कं ठाऊक आहे.